पाचशे किलोमीटर झाल्यावर

माझा नवरा सहादू गेला तवा मागं एक जीप आन एक आई ठेवून गेला. दोघी बी तापट. जीपचं सांगते पुढं, पण आईचं आधी सांगते. गोजरबाई, माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तोंडानं तोफ, पण लेक गेल्यापास्नं मी पाणी भरायला गेले तरी दारात येऊन बघायच्या, की ही परत येती का न्हाई. मी बी काय गरीब गाय न्हाई. तिसगाव ते पाथर्डी शिटा नेणारी जीप बाईमाणसानं धंद्याला लावायची, तर तोंड फटकळ ठेवावंच लागतं. न्हाईतर निम्मे लोक ओळख सांगून फुकट जातील.

जीप चालवायला कानिफनाथ हुता. पोरगा गुणाचा, पण डोक्यानं हलका. ब्याण्णव-त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यानं लग्नाचं वऱ्हाड कोंबून जीप करंजीच्या घाटात घातली. रेडिएटरमधलं पाणी गेलं, काटा लाल झाला, तरी ह्यानं दामटली. कशीबशी दारात आणली आन तिथंच ती बसली. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइलाचा पार दुधाचा चहा झालेला. म्हणजे हेडचं पॅकिंग गेलं. इंजिनाचा वरचा भाग ते हेड, खालचा तो ब्लॉक, आन दोघांच्या मधी पातळ पत्र्यासारखं बसतं ते पॅकिंग. ते जळलं की पाणी ऑइलात शिरतं आन इंजिन मरतं.

ह्याच्या आधी बी ते दोनदा गेलं हुतं. दोन्ही खेपेला गावातल्याच माणसानं पान्याला पाइप अडकवून, अंगचा जोर लावून बोल्ट आवळले हुते. म्हणायचा, मला हाताला कळतं. काय कळतं कपाळ. ह्या खेपेला मी कानिफला म्हणलं, नगरहून मिस्त्री आण, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

असा भीमराज आमच्या दारात आला. यष्टीतून उतरला, खांद्याला पान्यांची पिशवी, चाळिशीचा माणूस, कमी बोलणारा. गावातल्या झाडून सगळ्या बाप्यांना मी भाऊ म्हणते. ह्याला पहिल्या दिवसापास्नं मिस्त्रीच म्हणले. का ते तवा माझ्या ध्यानात बी आलं न्हाई.

त्यानं हेड उतरवलं, पोत्यात गुंडाळून यष्टीनं नगरला नेलं, घासून सपाट करून आणलं. मग ब्लॉक पुसत बसला. बोल्ट जिथं जातात ती भोकं सायकलच्या पंपानं फुंकत बसला. मी म्हणलं, मिस्त्री, इंजिन बांधताय का बाळाचे कान साफ करताय. तो हसला. म्हणाला, भोकात पाणी न्हाईतर ऑइल राहिलं तर बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो.

जेवायला तो आमच्याकडंच हुता. आत्याबाईंनी पोलिसागत चौकशी केली. बायको आजारात गेली, लेकरू न्हाई, गॅरेजच्या मागच्या खोलीत एकटाच राहतो. आत्याबाईंनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

हेड चढवायच्या दिवशी त्यानं खडूनं एकेका बोल्टाशेजारी आकडा लिहिला. एक नंबर मधोमध, मग तिथून ह्या बाजूला, त्या बाजूला, असं करत कडेला. त्याची रीत अशी की एकानं आकडा म्हणायचा आन दुसऱ्यानं आवळायचं, म्हणजे चूक हुत न्हाई. त्याचा हाताखालचा माणूस आला नव्हता. कानिफ उभा राहिला, पण त्याला दम कुठला. चारवरून थेट सातवर. मिस्त्रीनं त्याला पाणी आणायला धाडलं आन माझ्याकडं बघितलं.

"बाई, तुमी म्हणा. पण घाई न्हाई करायची. आधी सगळ्यांना नुसतं धरायचं. मग सगळ्यांना थोडं. मग पुरतं. एकावरच सगळा जोर टाकला की हेड वाकतं."

मला काय झालं कुणास ठाऊक, डोळे भरून आले. सहादू गेला तवा सगळा जोर माझ्या एकटीवर एकाच दिवशी पडला हुता. थोडं थोडं कुणी आवळलंच न्हाई. डिझेलचा वास झोंबतोय म्हणलं आन पदरानं डोळे पुसले.

मग मी म्हणायला लागले. मी म्हणायची, "एक." तो आवळायचा आन म्हणायचा, "झाला." मी म्हणायची, "दोन." तो म्हणायचा, "झाला." त्याचा पाना साधा नव्हता. ठरल्याएवढा जोर भरला की टक असा आवाज करायचा आन तो तिथंच हात सोडायचा, वर एक केसभर बी न्हाई. सगळे बोल्ट एकदा, मग परत पहिल्यापास्नं, मग आणखी एकदा. आमच्या घरात मी काय बोललं की समोरून भांडण यायचं, न्हाईतर काहीच यायचं न्हाई. त्या दुपारी मी जे म्हणेन त्याला एक माणूस झाला म्हणत हुता. ते संपूच नये असं मला वाटलं. खरं सांगते.

जीप चालू झाली. धूर न्हाई, बुडबुडे न्हाई. मिस्त्रीनं हात धुतले, पिशवी भरली. जाताना उंबऱ्याशी थांबला आन खाली बघत म्हणाला, "पाचशे किलोमीटर झाले की निरोप द्या. हेड परत एकदा आवळावं लागंल. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका, मीच येतो."

त्याच्या गॅरेजात फोन नव्हता. राधाकृष्ण शेठच्या पार्टच्या दुकानात निरोप ठेवायचा, असं ठरलं. नंबर त्यानं खडूनंच दाराच्या फळीवर लिहिला.

तिथनं माझं खूळ सुरू झालं. मला तो मिस्त्री पुन्हा बघायचा हुता. बास. त्यात लपवायचं काय. पण बघायचा कसा? नवरा नसलेली बाई नगरला एका गॅरेजापुढं उभी राहिली, तर मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचती. आन पिशवीशिवाय एखादा बाप्या माझ्या दारात आला, तर गाव त्याचं काय करंल हे मला ठाऊक हुतं. पान्यांची पिशवी खांद्याला असली की तो मिस्त्री. नसली की तो कोण? म्हणून मला पाचशे किलोमीटर पाहिजे हुते.

आता आमच्या जीपचा मीटर सहादूच्या हयातीतच मेलेला. मग मी फेऱ्या मोजायला लागले. कानिफ संध्याकाळी आला की मी विचारायची, आज किती झाल्या. शिटा भरल्या नसल्या तरी गाडी सोड म्हणायची. घोडेगावच्या बाजारात म्हशी बघायला निघालेल्या लोकांना मी हाका मारून बसवलं. कानिफ म्हणायचा, वहिनी, डिझेलचं तरी निघू द्या. मी म्हणायची, तू चालव, हिशोब माझा हाय. आठवड्यानंतर मी म्हणलं, झाले पाचशे. तो म्हणाला, छ्या, साडेतीनशे बी न्हाईत. मी त्याच्यावर असा जाळ केला की त्यानं तिथंच पाचशे कबूल केले.

आत्याबाईंच्या डोळ्यांतनं काय सुटतंय? एका सांजंला म्हणाल्या, "रोज गाडीभवती काय फिरतीस? दिष्ट काढतीस का तिची?" मी म्हणलं, ऑइल गळतंय का बघते. त्या रात्री आत्याबाई जेवल्या कमी.

दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवर गेले. राधाकृष्ण शेठला सांगितलं की भीमराज मिस्त्रीला निरोप द्या, तिसगावच्या जीपचे पाचशे झाले, हेड आवळायला या. शेठ पलीकडनं म्हणाला, बाई, त्या पॅकिंगला परत आवळायची गरजच नसती. ते नवीन तऱ्हेचं हाय, एकदा बसलं की बसलं. मला वाटलं, मिस्त्रीला ठाऊक नसंल. तर शेठ म्हणाला, त्याला ठाऊक नसंल कसं, माझ्या दुकानात बाकीच्या मिस्त्र्यांना तोच समजावून सांगतो. तुमच्या गाडीला तर त्यानं मुद्दाम तेच मागून घेतलं, एकट्या बाईची गाडी हाय, परत उघडायला लागू नये म्हणाला.

आधी मला राग आला. मला येडी समजतो का हा? मग एकदम कानशिलं गरम झाली. बूथवाला कान टवकारून बसलेला, त्याच्यापुढं मला हसता येईना आन रडता बी येईना. शेठ विचारत हुता, मग निरोप देऊ का नको?

"द्या," मी म्हणलं. "पाचशे झाले म्हणावं."

दोनच दिवसांत तो आला. धुतलेला सदरा, केसांना तेल, खांद्याला पिशवी. गाडीचं बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं, पाना जोडला आन मला म्हणाला, म्हणा. मी म्हणलं, "एक." पाना लगेच टक झाला. बोल्ट जागचा हलला न्हाई. "दोन." टक. "तीन." टक. एकही बोल्ट तसूभर फिरंना, आन तो प्रत्येकाला झाला म्हणत हुता. चारचा आकडा माझ्या तोंडातनं निघंना.

मी हळू म्हणलं, "मिस्त्री, ह्या पॅकिंगला परत आवळायला लागत न्हाई."

त्याचा हात पान्यावरच राहिला. मान वर झाली न्हाई.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पण यायला काही कारण तर पाहिजे. मोकळ्या हातानं कसा येऊ?"

आता बघा, मी फटकळ बाई. सगळ्या पाथर्डी तालुक्याला उत्तर देते. त्या वेळी मात्र खाली बघत, पदराचं टोक पिळत म्हणलं, "पुढल्या खेपेला मोकळ्या हातानंच या. पिशवी घेऊन येणार असाल तर नका येऊ."

त्यानं राहिलेले बोल्ट आवळले न्हाईत. झाकण बसवलं आन गेला.

मग तो आलाच न्हाई. आधी निदान मोजायला किलोमीटर हुते, आता ते बी नव्हते. जीप कुठं जाती, किती जाती, मला काय पडलेलं नव्हतं. नगरची गाडी यायच्या टायमाला मी स्टँडसमोरच्या गिरणीत दळण घेऊन जायची आन उतरणाऱ्या माणसांचे हात बघायची. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात कोंबडी. घरात पीठ एवढं झालं की आत्याबाई म्हणाल्या, गावजेवान हाय का? पाऊस येऊन गेला, बाजरी निसवून कणसं आली, तरी ह्याचा पत्ता न्हाई. मी मनात त्याला शिव्या घातल्या. भ्याला म्हणलं. मग वाटलं, मीच लई मोठं मागितलं. पान्याच्या आडून येणं सोपं असतं. मोकळे हात सगळ्या गावाला दिसतात. एवढं जीव तोडून मी कधी कुणाची वाट बघितली नव्हती, सहादूची बी न्हाई. सहादू घरातच असायचा.

एका सकाळी मी अंगणात भांडी घासत हुते. स्टँडाकडनं आमच्या आळीत तो येताना दिसला. दोन्ही हात मोकळे. त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं, कधी मागं बांधायचा, कधी सोडायचा. आळीतल्या बायका दारातनं बघत हुत्या. तो खाली मान घालून चालला न्हाई, हे मी बघितलं. अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला.

आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत हुत्या. त्यांनी त्याला वरपास्नं खालपर्यंत न्याहाळलं.

"मिस्त्री, पाना कुठंय तुजा?"

"न्हाई आणला, मावशी."

"मंग कशाला आलास?"

त्यानं हात आधी मागं बांधले, मग सोडले. माझे हात राखेनं भरलेले. मी तशीच उठले आन म्हणलं, "माझ्यासाठी आलाय."

आत्याबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. त्या ओरडतील, कपाळ बडवतील, आळी गोळा करतील असं मला वाटलं. मी तयार हुते. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं आन इतक्या बारीक आवाजात बोलल्या, की तसला आवाज मी त्यांचा लेक गेला तवा बी ऐकला नव्हता.

"आन मी?"

एवढे दिवस मी एका माणसाच्या येण्याची वाट बघत हुते, आन ही म्हातारी एवढे दिवस माझ्या जाण्याला भीत हुती.

भीमराज पुढं झाला आन ओट्यापाशी खाली टेकला.

"कुणी कुठं चाललं न्हाई, मावशी," तो म्हणाला. "मीच आलोय."

आत्याबाई लसणाची टरफलं झटकून उठल्या. त्याच्या चपला अंगणात सुटल्या हुत्या. त्या वाकून त्यांनी उचलल्या, बाहेर ठेवल्या तर कुत्री पळवत्यात असं काहीतरी पुटपुटल्या आन उंबऱ्याच्या आत नेऊन सहादूच्या चपला असायच्या तिथं ठेवल्या.