वरची धूळ गार

हिंगणीच्या स्टँडवर कोणी चहाला टेकलं, की रूपरावची टकळी सुरू झालीच म्हणून समजा. "माही पोरगी आभायातल्या फुफाट्याची गरमी मोजते!" समोरचा हसला की त्याला आणखीच चेव यायचा. "हासून काय राह्यला? तारे काय असेच टपकतात? त्या फुफाट्यातच जन्मतात ते. नलूनं सांगतलं मले."

नलू त्याची एकुलती एक. नागपूरला भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. आपलं काम गाइडला, मधुकररावांना सांगताना तिची जीभ अडखळायची. बापापुढे मात्र धबाधबा चालायची. चौऱ्याऐंशी सालचा पोळा. बाप चुलीपुढे बसलेला, आणि ही त्याला ढग समजावतेय!

"बाबा, तारा धुळीच्या ढगाच्या पोटात जन्मते. आत भट्टी पेटली तरी वरची धूळ गारच राह्यते. दुर्बिणीले दिसते ते वरचीच. तिच्यावरून आतली गरमी हिशेबानं काढा लागते."

"म्हंजे वरून हात लावून समजत नाई?"

"नाई ना!"

"मंग कठीण हाय बाप्पा तुहं काम," रूपराव म्हणाला, आणि दोघंही खो खो हसली.

दसऱ्याला ती पुन्हा दोन दिवस आली. शनिवारी सकाळच्या एसटीनं परतायचं होतं, कारण दुपारी विद्यापीठाच्या संगणकावर तिचा हिशेब चालवायचा नंबर होता. हुकला की दिवाळीनंतरच. वर्षभर ती याच दिवसाकडे डोळे लावून बसली होती. आणि नेमका त्याच सकाळी रूपराव कुडकुडत उठला. दातावर दात वाजत होते.

"आजच्या दिवस थांबून जाय ना वो," तिची माय कोकिळा म्हणाली. "मले काही बरं दिसून नाई राह्यलं यांचं."

नलूनं बापाचे दोन्ही हात हातात घेतले. गार. पाय चाचपले. तेही गार.

"ताप नाई, माय," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं.

"वारं लागलं, दुसरं काय," रूपराव गोधडीतूनच बोलला. "जाय तू. तुहा फुफाटा वाट पाहून राह्यला."

तिनं त्याच्या अंगावर आणखी एक गोधडी घातली, पिशवी उचलली आणि गेली.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली पोरगी, तिला कळू नये? अहो, कळत होतं सगळं! पण बापाचा हात हातात आला की कोण गणित मांडत बसतं? हात गार लागला, पोरीचा जीव भांड्यात पडला. तुमचा-माझाही पडला असता.

दुपारी संगणकानं तिचं ऐकलं. तिनं हिशेबात ढगाच्या मधोमध तारा ठेवला, आणि उपग्रहावरच्या दुर्बिणीला दिसलेल्या उजेडाशी तिचा आकडा पहिल्यांदाच जुळला. मधुकरराव खुर्चीतून उठून उभे राहिले. नलूला मात्र कधी एकदा बाबाला सांगते असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे बंडूकाका होस्टेलच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिनं ओळखलं.

ती गेल्यावर तासाभरात रूपराव बरळायला लागला होता. बैलगाडीनं सेलूला नेला, पण दवाखान्यात पोचल्यावर काही उरलं नव्हतं. "हिवताप डोक्यात गेला," डॉक्टर म्हणाले. "हातपाय गार, आत मात्र फणफणला होता. जरा आधी आणायचं." बंडूकाकांनी हे सरळपणे सांगून टाकलं. भला माणूस, पण त्यांना काय माहीत ते कुणाला सांगतायत!

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. पोरीनं नदीवर जाऊ नये, असं भावकीतले अण्णाजी म्हणाले, तशी कोकिळा कडाडली, "बाप तिचाच होता! येऊ द्या तिले."

बोर नदीच्या काठी पांढरी राख पसरली होती. अण्णाजींनी वरून हात फिरवला. "थंडी झाली. भरा मडक्यात."

नलू खाली बसली. तिनंही वरवर हात लावला. गार होती. शनिवारी सकाळी बाबाचा हात होता, तेवढीच गार. मग तिनं हात आत खुपसला, मनगटापर्यंत. आत निखारे होते. चटका बसला, कातडी करपली, तरी तिनं हात काढला नाही.

"अवो पोरी, येडी झाली का!" बंडूकाका धावले. त्यांनी तिला मागं ओढलं, तशी ती त्यांच्याच अंगावर कोसळली आणि बातमी कळल्यापासून पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

"पाणी टाका ना काका, पाणी टाका कोणी," ती म्हणत राहिली. "माह्या बाबाले ताप हाय."