गळ टाक, करेन!

मी एक जुनी गळाची काठी आहे, बांबूची. काठी म्हटलं की तुम्ही मुलं लगेच तलवारबाजी सुरू करता, म्हणून आधीच सांगते मित्रांनो, माझं काम मासे धरायचं. वसईला आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठच्या बांबूच्या बेटात माझा जन्म झाला. वाडीतल्या बाप्टिस्ट नावाच्या मुलाच्या वडिलांनी मला तोडलं, सावलीत वाळवलं, विस्तवावर शेकून सरळ केलं. मग मधोमध कापून पितळी नळी बसवली, म्हणजे दोन तुकडे करून पिशवीतून नेता यावं. कापून घेणं कोणाला आवडतं? पण त्यामुळेच तर मी पुढे विमानात बसले!

बाप्टिस्ट लहान असताना आम्ही दोघं सुट्टीभर बावखलावर असायचो. चिलापी धरली, एकदा तर चांगली हातभर मरळ धरली. लोकांनी बाप्टिस्टची पाठ थोपटली. राबले मी आणि पाठ त्याची! असो.

पुढे त्याला दुबईला हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी लागली. चादरीत गुंडाळून त्याने मला सोबत नेलं. मला वाटलं, आता समुद्र दिसणार. कसलं काय! तिथल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या फ्लॅटमध्ये त्याने मला किचनमधल्या वॉशिंग मशीनमागे उभं केलं आणि खलास. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही. त्याची बायको सुझी माझ्या टोकावर ओला मॉप वाळत घालायची. मॉप, मित्रांनो! माझ्यावर!

तिथे उभी असल्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं. यंदा बाप्टिस्टचं हॉटेल बंद पडलं. नवी नोकरी दुबईतच, देरा भागात मिळाली, पण तिच्यासोबत घर मिळणार नव्हतं. दुसऱ्या एका जोडप्याबरोबर एकाच खोलीत राहावं लागणार होतं.

“शेअरिंगच्या खोलीत पोरीला झोपवायची कुठे?” सुझीने विचारलं.

“मग काय करू सांग! जूनमध्ये करेनला वसईला टाकू. आईकडे राहील. तिथल्याच शाळेत टाकू,” बाप्टिस्ट म्हणाला.

सुझी नळ सोडून रडली, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. पण तिसरीतली करेन रिकामा ग्लास घेऊन दारातच उभी होती. मला ती दिसत होती, त्यांना नाही. ती गुपचूप परत गेली.

आता या करेनचं मराठी म्हणजे आनंदच. आईबाप मराठीत बोलणार, ही इंग्रजीत उत्तर देणार. तिला पक्के कळणारे शब्द म्हणजे घरातले हुकूम. ये, जेव, झोप, कचरा टाक. कचऱ्याची पिशवी खाली टाकून यायचं काम रोज तिचंच होतं.

शनिवारी सुझीची क्लिनिकमध्ये ड्युटी होती. बाप्टिस्टने ठरवलं की करेनला मासे धरायला एका तळ्यावर न्यायचं, मजा करायची आणि मग हळूच वसईचं सांगायचं. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

अल ऐनच्या रस्त्यावर एक शेत आहे. खजुराची झाडं आणि मधे प्लास्टिक अंथरून केलेलं तळं. राखणदार हम्माद टँकरने चिलापी आणून त्यात सोडतो आणि पोरं येऊन ती धरतात. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि ताटावरून उचलायचं, अशातली ही मासेमारी! पण मी नाक मुरडलं नाही. पाणी ते पाणी.

“यल्ला बेबी, मछली भूखा है!” हम्माद ओरडला. यल्ला म्हणजे चला.

बाप्टिस्टने गळाला खुबूसच्या रोटीची गोळी लावली आणि मला करेनच्या हातात दिलं.

“हं, टाक.”

“रिअली?” तिने मान वर करून विचारलं.

“टाक ना! गळ टाक, करेन!”

आणि तिने मला दोन्ही हातांनी उचलून अख्खीच्या अख्खी तळ्यात भिरकावलं. आई गं!

“अगं ए! वेड लागलं का तुला? माझ्या वडिलांची काठी आहे ती!”

“यू सेड टाक!” करेन किंचाळली. “टाक मीन्स थ्रो अवे! अँड यू आर गोइंग टू टाक मी ऑल्सो. इन वसई. आय हर्ड!”

बाप्टिस्टचा चेहरा उतरला. मी तरंगत लांब चालले होते, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“शाळेत टाकणं म्हणजे शाळेत घालणं गं बाळा. अ‍ॅडमिशन. तुला फेकून कोण देईल?”

“देन व्हाय डू यू से टाक?”

“असंच म्हणतात गं,” तो म्हणाला. दुसरं काय सांगणार?

मग त्याने सगळं सांगितलं. नोकरी, खोली, आजी. करेनने ऐकून घेतलं आणि विचारलं, “विल यू कम अँड टेक मी बॅक?”

“इन्शाल्ला,” बाप्टिस्ट म्हणाला.

शब्द मोठा आहे, देवाच्या मर्जीचा. पण कामं टाळायची असली की मोठी माणसं तोच पुढे करतात आणि तिकडची मुलं ते बरोबर ओळखतात. करेन रडायलाच लागली. “नो इन्शाल्ला, डॅडी! से यस ऑर नो!”

बाप्टिस्टने तिला जवळ ओढलं. “यस. हो. येणार,” तो म्हणाला.

हम्मादने जाळीने मला बाहेर ओढलं. त्या दिवशी आम्ही एकही मासा धरला नाही.

जूनमध्ये करेन वसईला गेली. मी आता देऱ्याच्या खोलीत खाटेखाली आहे, चार माणसांच्या बॅगांमध्ये चेंगरून. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. करेन आजीजवळ राहून छान मराठी शिकली आहे. आधी शाळेचं सांगायची, बावखलाचं सांगायची. या रविवारी तिने तसलं काही सांगितलं नाही.

“डॅडी, तू हो म्हणाला होतास,” एवढंच म्हणाली.

बाप्टिस्ट म्हणाला की नेटवर्क खराब आहे, आणि फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं, मित्रांनो. मग त्याने मला खाटेखालून काढलं आणि उगाचच पुसत बसला.

जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं की आम्हाला जपा, आमची धूळ झटका. माझं तसं काही मागणं नाही. मला पुसू नकोस बाप्टिस्ट, मी कोरडी आहे. पोरीला फोन लाव. केव्हा आणणार ते सांग. आणता येणार नसेल तर तेही सांग. पण तिला कळेल असं सांग, आणि आजच सांग.