एकट्याची सूट

मुरूम गावाजवळच्या ओढ्याकाठी गोरोबा कलालाची शिंदीची अकरा झाडं होती. निजामाच्या अबकारीचा कर झाडागणिक, मग रस निघो की न निघो. शेवटच्या झाडाला तर त्यानं वर्षभर हात लावला नव्हता, तरी कर भरत होता. त्याचा धाकटा भाऊ श्रीमंत त्याच झाडावरून पडून गेला. शिंदी पिऊन चढला होता, असं गोरोबानं गावाला सांगितलं. थोरला भाऊच सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला खोदून विचारतंय?

तेव्हापासून रोज सकाळी गोरोबा दुसऱ्या झाडावर चढला की त्या झाडावर कोयता वाजायचा. टक, टक, मग जरा थांबून पुन्हा टक. श्रीमंत डावखुरा, त्याचा घाव असाच अडखळत पडायचा. गोरोबा मान वळवायचा नाही. मान न वळवता वर्ष कसं काढायचं, ते त्यालाच विचारावं.

त्या साली सरकारचा हुकूम आला. जो गडी न लावता स्वतःच्या हातानं शिंदी काढतो, त्याला निम्मा कर माफ. बड्या गुत्तेदारांनी नाकं मुरडली. गोरोबाचा मात्र जीव त्यात अडकला, कारण सूट मिळाली नाही तर कर थकून पुढच्या लिलावात झाडं गुत्तेदाराच्या घशात जाणार होती. मग त्यानं काय खायचं, आणि त्याच्याच घरात राहणाऱ्या श्रीमंतच्या विधवेनं, मल्लम्मानं, काय खायचं?

चौकशीला आलेला अबकारीचा दरोगा परमुलखातला, नवा माणूस होता. कासराभर दिवस वर येईपर्यंत तो बांधावर उभा राहून बघत होता. गोरोबा खाली उतरला आणि आपण एकटेच आहोत म्हणाला. दरोग्याच्या कपाळाला आठी पडली.

"मग त्या शेवटच्या झाडावर कोण आहे? डाव्या हातानं कोयता चालवतोय तो?"

गोरोबाच्या तोंडचं पाणी पळालं. दरोगा मनानं वाईट नव्हता. घरचा माणूस असेल तर हरकत नाही, असं त्यानंच समजावलं. भाऊ, मुलगा हे काही गडी नव्हेत. फक्त नाव सांग आणि कागदावर अंगठा उठवायला त्याला खाली बोलाव. एवढं एक खोटं बोललं की झाडं वाचत होती.

"भाऊ हाय," गोरोबा म्हणाला. "श्रीमंत."

वर्षानं ते नाव त्याच्या तोंडात आलं होतं. वरचा कोयता थांबला. दरोग्यानं नाव लिहून घेतलं आणि हाक मारायला सांगितलं. आता मान वळवणं भाग होतं. गोरोबानं वर पाहिलं. खोडाला टेकवलेले दोन पाय दिसले, आणि कमरेभोवतीचा तो विरलेला दोर. तो मटकन खाली बसला.

"त्यो उतरायचा न्हाय, साहेब. नवा दोर म्या घेतला, जुना त्याला दिला. त्योच तुटला. प्याला बिला काय नव्हता त्यो."

दरोग्यानं वर पाहिलं. झाड मोकळं होतं. मग त्यानं लिहिलेलं नाव खोडलं, त्या जागी 'एकटा' असं लिहिलं आणि गोरोबाचा अंगठा घेतला. सूट मंजूर झाली. घोड्यावर बसून तो मागं न बघता निघाला.

भाकरी घेऊन आलेली मल्लम्मा गोरोबाच्या मागंच सगळं ऐकत उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. आज तिनं पदर मागं सारला.

"दोर इरलाय, ते तुमास्नी ठाव हुतं का?"

"व्हय," गोरोबा म्हणाला.

तिनं भाकरी शेवटच्या झाडाखाली नेऊन ठेवली आणि माहेरची वाट धरली. गोरोबानं दोनदा हाक मारली. ती थांबली नाही.

वर कोयता पुन्हा सुरू झाला. सूट मिळाल्याचा कागद मुठीत धरून गोरोबा त्या झाडाखाली जाऊन बसला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण त्या भाकरीला हात लावायची त्याची छाती झाली नाही.