विल्फच्या गुडघ्याची थाप

विल्फ हॅनिगनची सरकारी इस्पितळावरची भक्ती रेल्वे युनियनच्या दिवसांपासूनची. हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स खेळाच्या गावातल्या क्लबात कुणी खासगी आरोग्य विम्याचं नाव काढलं, की तो गरजे, "पैसे मोजून रांग मोडायची? मी रांगेतच मरेन!"

गुडघा निकामी झाला, तेव्हा सरकारी रांग निघाली चौदा महिन्यांची. त्याची बायको नोरीन म्हणाली, "दोघांचा विमा मी तीस वर्षं भरतेय. ओरडायचं तर बसून ओरड. उभं राहवत नाही तुला."

विल्फ ओरडला नाही. गुपचूप मेलबर्नच्या खासगी इस्पितळात जाऊन तीन आठवड्यांत नवा गुडघा बसवून आला. क्लबात मात्र ऐटीत सांगितलं, "सरकारी! म्हणत नव्हतो?"

थाप पचली. जरा जास्तच पचली. पुढल्या शनिवारी बघतो, तर त्याचा जुना दोस्त डेस बारपाशी फोन कानाला लावून बसलेला. डेसचा खुबा असा झिजलेला, की मोजे बायको घालून देई.

"कुणाला लावलायस रे?"

"विमा कंपनीला. बंदच करून टाकतो. तुझं तीन आठवड्यांत झालं, मग मी कशाला भरू? वीस मिनिटं फोनवर नुसतं त्यांचं संगीत ऐकतोय."

विल्फने मनात हिशेब केला. विमा सुटला, की हा गडी वर्ष-दीड वर्ष लंगडत बसणार.

"घाई काय आहे? नशिबाचाही भाग असतो."

"आता नशीब?"

"म्हणजे... गुडघा वेगळा, खुबा वेगळा."

"हाडंच ना दोन्ही, लेका?"

फोनमधलं संगीत थांबलं. पलीकडून बाईचा आवाज आला, "हॅलो?"

"खासगीत केलं!" विल्फ किंचाळला. "विम्यावर केलं! ठेव तो फोन!"

नळाखालचा बिअरचा ग्लास भरून वाहू लागला.

डेसने फोन ठेवला नाही. "स्वतंत्र खोली?"

"हो."

"जेवण?"

"कोकराचं मटण. छापील यादीतून निवडायचं."

"आणखी?"

विल्फने मान खाली घातली. "वाइन. बाटली अगदी छोटी होती रे."

"रांगेत मरणार होता म्हणे!" मागून कुणीतरी खिंकाळलं.

डेस फोनमध्ये गोड आवाजात म्हणाला, "नाही हो बाई, बंदबिंद काही करायचं नाही. एवढंच सांगा, खुब्याला लाल देतात की पांढरी?"