थोराच्या नावाचं जेवण

"पाठच धरलीय गं माझी," लव्होन फोनवर सांगत होती. "सकाळी अंथरुणातून उठवेना. नाहीतर मी आले नसते का?"

"शेक घे," आर्डिस म्हणाली. "प्रार्थनेला तरी येशील ना?"

"तेवढी येईन. नुसतं बसायचंच तर असतं."

"म्हणजे बाकावर बसवतं, पण पाव कापवत नाही. दुखणंही मोठं शहाणं आहे तुझं."

लव्होनने आवाज खाली आणला. "चिडू नकोस. का ते तुला माहीत आहे."

आर्डिसने भिंतीवरचा फोन जागेवर अडकवला. सकाळपासूनचा हा तिसरा. डॉटीच्या नातवाला ताप होता, आणि ग्लॅडिसची गाडी थंडीमुळे सुरू होत नव्हती. ग्लॅडिसचं घर चर्चच्या समोर होतं, मधे फक्त रस्ता. पण गाडीच सुरू होत नाही म्हटल्यावर ती बिचारी करणार काय?

आर्डिस चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात एकटीच उभी होती. समोर पावांचा ढीग, लोण्याचं भांडं आणि रात्री भाजून आणलेलं हॅम. बटाट्याची कोशिंबीर झाली होती, लिंबाच्या वड्या कापून ठेवल्या होत्या. नॉर्डबी गावात कुणी वारलं की प्रार्थनेनंतर चर्चच्या बायका हेच जेवण देत आल्या होत्या. त्यात कौतुकाचं काही नव्हतं. पण प्रार्थना मेलेल्या माणसासाठी असते आणि खालचं जेवण त्याच्या घरच्यांसाठी. कोण खाली उतरलं, कोण घरच्यांच्या टेबलाशी बसलं, हे गाव बघायचं आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवायचं.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून हे खातं आर्डिसकडे होतं. आर्डिस वाढायची आणि थोरा लिंडाल कॉफी करायची. थोराची कॉफी अंड्याची, जुन्या नॉर्वेवाल्यांच्या पद्धतीची. कॉफीच्या भुकटीत अख्खं अंडं कवचासकट चुरडायचं आणि ते उकळत्या पाण्यात सोडायचं. गाळ सगळा त्या अंड्याला धरून तळाशी बसायचा आणि वर मधाच्या रंगाची नितळ कॉफी राहायची. त्या भांड्याला थोरा कुणाला हात लावू द्यायची नाही. वय झालं, हात थरथरायला लागला, तरी नाही.

आज थोरा वरच्या मजल्यावर शवपेटीत होती. जमीन गोठलेली, त्यामुळे पुरायचं ते बर्फ वितळल्यावर. आर्डिसने अंडं फोडलं, कवच मुठीत चुरडलं आणि भुकटीत कालवलं. इतक्या वर्षांत हजारदा पाहिलेलं, पण हाताने कधी केलेलं नव्हतं. मिश्रण ओल्या मातीसारखं दिसलं पाहिजे, एवढं तिला आठवत होतं. ते तसं दिसत नव्हतं.

या सगळ्या पाठदुखीचं आणि तापाचं मूळ थोराचा मुलगा रॉल्फ होता. रॉल्फ गावातलाच. पक्षाच्या तिकिटावर वॉशिंग्टनला खासदार म्हणून गेला तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. मग गेल्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या प्रचाराचा खजिनदार अफरातफरीत अडकला. त्याला शिक्षा झाली, आणि आता हा तोंड उघडणार अशी कुणकुण लागताच राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी देऊन टाकली. माफी देणं त्यांच्या अधिकारातलं, त्यात कुणाचं काही चालत नाही. पण ही माफी म्हणजे गप्प बसण्याची किंमत आहे असं म्हणत विरोधकांनी महाभियोग आणला. पक्षातली झाडून सगळी माणसं राष्ट्राध्यक्षांच्या पाठीशी उभी राहिली. रॉल्फने मात्र महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. पुढे वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, खटला चालला आणि राष्ट्राध्यक्ष सुटले. रॉल्फ सुटला नाही.

आर्डिसही त्याच्यावर रागावली होती, आणि तो राग अजून गेला नव्हता. त्याच्या पहिल्या निवडणुकीत ती बर्फातून दारोदार हिंडली होती. लोकांनी तिच्या शब्दावर मत दिलं होतं. माफी चुकीची असेलही, पण घरातलं भांडण घरात करावं, चव्हाट्यावर नेऊन शेजाऱ्यांच्या हातात काठी देऊ नये, असं तिचं सरळ मत होतं. जानेवारीत अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये पक्षाची सभा झाली. जिल्ह्याचा अध्यक्ष म्हणजे आर्डिसचा नवरा मर्ल. त्याने रॉल्फच्या निषेधाचा ठराव वाचला आणि बाजूने असतील त्यांनी हात वर करा म्हणाला. आर्डिसने हात वर केला. थोरा मागच्या रांगेत विणकाम घेऊन बसली होती. इतकी वर्षं तिने एकही सभा चुकवली नव्हती, ती हीच कशी चुकवेल?

त्यानंतरच्या गुरुवारी थोरा नेहमीसारखी आर्डिसकडे आली. कोट काढला, खुर्ची ओढली.

"हात चांगला उंच केला होतास," ती म्हणाली. "मागून दिसत होता."

"दिसावा म्हणूनच केला होता."

"बरं केलंस. कानापर्यंत हात नेऊन इकडेतिकडे बघणारी माणसं मला आवडत नाहीत." मग तिने साखर मागितली, आणि त्या दिवशीपुरता विषय तिथेच संपला. महिन्याभरात थोरा झोपेतच गेली.

आज सकाळी मर्ल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता आणि आर्डिस हॅमचा डबा मांडीवर घेऊन आत बसली होती.

"मी वर बसेन, थोरासाठी," मर्ल म्हणाला. "खाली येणार नाही. त्याच्या टेबलाला बसून मला जेवता येणार नाही."

"आणि लोकांना काय सांगितलंस?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, तू काय करणार. मी सांगितलं."

"म्हणजे सांगितलंसच."

"तू तरी कशाला एवढी मरतेस? हात तूच वर केलास."

"रॉल्फच्या विरुद्ध केला. थोराच्या नाही."

"एकाच घरातली माणसं आहेत ती, आर्डिस."

चर्च येईपर्यंत तिने डबा घट्ट धरून ठेवला. पास्टर क्रिस्टीननेही काल फोनवर आडून सुचवलं होतं की थोडंच करा, वाया नको जायला. आर्डिसने हॉल भरेल एवढं केलं. थोडं करायचं म्हणजे थोराला तोंडावर सांगायचं की बाई, तुझ्यासाठी कुणी येणार नाही.

वर ऑर्गन थांबला. बाकांचा आवाज झाला, मग पावलांचा. तळघराच्या खिडक्या छताला लागून होत्या. तिथून बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. गावातल्या प्रत्येकाचे बूट आर्डिसला पाठ होते. पाय जिन्याच्या दाराकडे वळायला हवे होते, ते गाड्यांकडे निघाले. डॉटीचे गेले. दुधवाल्या भावांचे गेले, दोघांचे बरोबरीने. लव्होनचे लाल बूट तर असे टपाटप गेले की पाठ धरलेल्या बाईला शोभू नये. आर्डिस हातात पावाची ताटली घेऊन वर बघत राहिली. तिला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तिने उगाच चमचे मोजून परत खोक्यात ठेवले.

खाली आली ती मोजकी माणसं. रॉल्फ, त्याची बायको, मुलगी, थोराच्या शेजारचा एकटा राहणारा म्हातारा शेतकरी, पास्टर, आणि गावातल्या, थोराच्या वयाच्या दोन सख्ख्या बहिणी, ज्यांना कोण कुणावर रागावलंय ते आता नीटसं आठवत नसे. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती एकाच टेबलाशी गोळा झाली. बाकीच्या टेबलांवर पांढरे कागद अंथरलेले, प्रत्येकावर दुधाचा छोटा जग.

रॉल्फ स्वयंपाकघराच्या वाढपाच्या खिडकीशी आला. तो वाळला होता. लहानपणी शाळेच्या रांगेत याच बाईसमोर तो ताटली धरून उभा राहायचा.

"मिसेस हॉगन, तुम्ही खूप केलंत."

"नेहमीचंच आहे. पाव घे."

"लोक येणार नाहीत, हे ठाऊक होतं तुम्हाला."

"माझं काम करायचं. यायचं काम लोकांचं."

त्याने ताटलीत एक सँडविच घेतलं आणि तिथेच उभा राहिला. "तुम्ही हात वर केला होतात ना सभेत?"

"केला होता. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा करीन."

"मग हे सगळं?"

"हे थोराचं आहे," आर्डिस म्हणाली. "तुझं नाही."

रॉल्फने मान हलवली. मग टेबलाकडे पाठ करून त्याने हळूच विचारलं, "आई तुमच्याशी बोलली का कधी? माझ्यावर रागावली होती का ती? मला काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही."

हा प्रश्न येणार हे आर्डिसला कळायला हवं होतं. गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण थोराच्या बाबतीत खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"रागावली होती," ती म्हणाली. "एकदाच बोलली. म्हणाली, मत देण्याआधी त्यानं मला फोन केला असता तर मी नको म्हटलं असतं. आणि मी नको म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. म्हणूनच त्यानं फोन केला नाही."

रॉल्फने ताटली कट्ट्यावर टेकवली.

"मग म्हणाली, बरं झालं केला नाही."

रॉल्फचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. ताटली घेऊन तो टेबलाशी जाऊन बसला.

आर्डिस कॉफीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांचे कप भरले. कॉफी गढूळ होती. सगळ्यांनी ती तशीच प्यायली. स्वयंपाकघराकडे परत वळताना तिने एकदा हॉलभर नजर टाकली, ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांवरून. स्वयंपाकघरातल्या बाईने जेवणात बसायचं नसतं. सगळे उठेपर्यंत ती उभी असते आणि शेवटी ओट्याशी उभ्याउभ्या खाते. आर्डिसला जेवणात बसलेलं गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. थोराच्या नवऱ्याच्या वेळीही नाही, आणि स्वतःच्या आईच्या वेळीही नाही.

तिने ॲप्रन सोडला आणि वाढपाच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग घरच्यांच्या टेबलाशी येऊन रॉल्फच्या बाजूची खुर्ची ओढली आणि बसली. पास्टर बोलायचं थांबली. त्या दोन बहिणींपैकी एकीने मात्र सहजपणे ताट पुढे सरकवलं. आर्डिसने सँडविच घेतलं, स्वतःसाठी कॉफी ओतली, एक घोट घेतला.

"वाईट झालीय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही. रॉल्फच्या बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला.

खाली न उतरलेल्यांपैकी आता एकाचीच गाडी बाहेर उरली होती. आर्डिसला घरी न्यायचं म्हणून मर्ल थांबला होता. त्याचे बूट छताजवळच्या खिडकीशी आले आणि थांबले. मग गुडघे दिसले, मग काचेला टेकलेला हात, आणि शेवटी, एवढ्या अवजड माणसाला वाकवेल तेवढा वाकून, त्याचा चेहरा. त्याला टेबलाशी बसलेली बायको दिसली. आर्डिसने त्याच्याकडे सरळ पाहिलं. ती उठली नाही.

चेहरा वर गेला. बूट बराच वेळ तिथेच होते, मग निघाले. आर्डिसने गाडी सुरू होण्याच्या आवाजासाठी कान दिला. आवाज आला तो जिन्यावरून. मर्लचे गुडघे खराब, तो एकेक पायरी थांबत उतरत होता. दारात येऊन त्याने टोपी काढली. टेबलाकडे त्याने पाहिलंच नाही.

"आत गॅस चालू आहे," तो आर्डिसला म्हणाला.

"मग बंद कर."

तो स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद झाल्याचा खटका ऐकू आला. आत कुणीच नव्हतं, मोरीत भांडी पडली होती. मर्ल तिथे उभा राहून त्या भांड्यांकडे बघत होता. मग त्याने कोट खुंटीला लावला, कट्ट्यावरचा ॲप्रन उचलला आणि गळ्यात अडकवला. तो त्याच्या पोटावर कसाबसा पोचत होता. त्याने नळ सोडला.

रॉल्फचं खाऊन झालं होतं. तो रिकामी ताटली घेऊन कट्ट्याशी गेला. मर्लची पाठ त्याच्याकडे होती.

"माझं मत बदललेलं नाही," मर्ल नळाकडे बघत म्हणाला.

"माझंही नाही," रॉल्फ म्हणाला.

पाणी वाहत होतं. मर्लने न वळता ओला हात मागे केला आणि ताटली घेतली.

आर्डिस बसूनच राहिली. समोरची ताटं जवळजवळ भरलेलीच होती. तिने त्यातलं आणखी एक सँडविच उचललं आणि सावकाश खायला लागली.