आईने धुतलेली डबी

मी बोलतेय, फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची डबी. माझं काम नाजूक. मूल हवं असलेल्या पुरुषाचं वीर्य माझ्यातून प्रयोगशाळेत जातं. कारखान्यात माझ्यातला शेवटचा जंतू मारून मला पाकिटात बंद केलं, तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असायचे.

मला घरी नेलं ते एका ड्रायव्हरने. लग्न नवं आणि कॅन्सरही नवाच. दुसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या औषधांनी बीज कायमचं जाऊ शकतं, म्हणून आधी नमुना गोठवून ठेवायचा होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, "हात स्वच्छ धुवा. डबीच्या आत काही लागू देऊ नका."

पाकीट फोडून त्याने मला टेबलावर ठेवलं आणि तो हात धुवायला गेला. तेवढ्यात त्याची आई आली. लाजेपोटी त्याने तिला या डबीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"लघवी तपासायची डबी वाटतं. कुणाकुणाचे हात लागले असतील हिला!" असं म्हणत तिने मला नळाखाली खळखळून धुतलं, ओट्यावरच्या फडक्याने आतून पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं. अगं माउली, थांब! पण मला तोंड असलं तरी वाचा कुठली? तो आला, त्याला काही कळलं नाही.

नमुना भरून त्याने मला प्रयोगशाळेत पोहोचवलं. बाईंनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि कपाळाला हात लावला. खिडकीतून त्याला विचारलं, "जंतू नुसते वळवळतायत. पुन्हा नमुना देता येईल?"

"आज नाही जमणार हो. आणि उद्यापासून औषधं."

बाईंनी जंतुनाशक औषधाच्या द्रवात नमुना धुतला, यंत्रात फिरवला, पुन्हा धुतला. जंतू बरेच गेले, त्यांच्याबरोबर बीजंही गेली. "उरलंय तेवढं गोठवते. खात्री मात्र देता येत नाही," त्या म्हणाल्या.

तपासणी लघवीचीच समजून सोबत आलेली आई बाहेरच्या बाकावरून उठून आली. "चांगलं आहे ना रे? डबी मी चांगली घासूनपुसून दिली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. म्हणाला, "हो आई. म्हणूनच चांगलं निघालं."

आता मी प्रयोगशाळेच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पडलेय, थोड्या वेळात जाळायला नेतील. माझ्या बहिणी तुमच्या घरी आल्या तर त्यांना धुऊ नका. आणि लेकरांनो, लाज वाटली तरी आईला सांगत जा.