न्हाणीघरातले स्टूल सभेला जाते

मी न्हाणीघरातले स्टूल बोलतो आहे. रूप म्हणाल तर पांढरे प्लास्टिक, पाठ टेकायला जागा नाही. पण चारी पाय सम ठेवून भिजत राहणे हे माझे व्रत आहे. या वृद्धनिवासातील किती थकले देह माझ्यावर निर्मळ झाले!

इथला नियम असा, की आधी नाश्ता, मग खोल्यांच्या क्रमाने अंघोळी. शिंपीणआजींची खोली शेवटची. इथे आल्यापासून त्या नाश्त्याला शिवेनाशा झाल्या, आणि त्यांची पाळी येईतो भूक मरून जाई. आजी वाळत चालल्या. डॉक्टरांनी औषधे बदलली. लेक त्यांना इस्पितळात हलवण्याच्या गोष्टी करू लागली. मला कारण ठाऊक होते, पण स्टुलाला कोण विचारतो?

मग नव्या व्यवस्थापिकाबाई आल्या. इथली सेवा कशी असावी हे राहणाऱ्यांनीच सांगावे, म्हणून त्यांनी सभा बोलावली. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा सेविकेने मला पुसून दिवाणखान्यात नेले. कोरडा होऊन माणसांत बसण्याचे भाग्य मला प्रथमच लाभले! पडद्यांवर बोलून झाले, टीव्हीच्या आवाजावर बोलून झाले. मग बाईंनी माझ्यावर बसलेल्या आजींना विचारले, नाश्त्यात काय बदलू?

"नाश्ता चांगलाच आहे गं," आजी म्हणाल्या. "पण मला पारोशानं घास उतरत नाही. आधी अंघोळ, मग देवाचं नाव, मग खाणं. जन्माची सवय आहे."

"आई, मग सांगायचं नाही का?" सभेला आलेली लेक मागून म्हणाली.

"तू 'जेव ना, जेव ना' म्हणायचीस. का जेवत नाहीस, ते कुठं विचारलंस?"

बाईंनी पाळ्यांचा तक्ता उघडला. सकाळी सेविका दोनच. कोणाची पाळी मागे सारणार? तेव्हा निवृत्त बसचालक काका उठले.

"आजी, माझी पहिली पाळी तुम्ही घ्या. सकाळची अंघोळ म्हणजे मला शिक्षाच. मी संध्याकाळी करीन."

"म्हणजे दिवसभर वास आम्ही सोसायचा," शेजारच्या मावशी म्हणाल्या, आणि सभा हसली.

आता सकाळचे पहिले पाणी आजींचे; त्यांचा नाश्ता तोवर झाकून ठेवतात. त्यांचे नामस्मरण ऐकत मी निथळतो. इस्पितळाचा विषय मिटला; परवा तर आजींनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

सज्जनहो, नैवेद्य दाखवताना आपण देवाची आवड आठवणीने जपतो. ज्याची सेवा करायची, त्या माणसालाही तेवढे विचारीत जा. आता रजा द्या. काका टॉवेल खांद्यावर टाकून येत आहेत, आणि अंघोळ करताना ते गातात. सभेत हे त्यांनी सांगितले नव्हते.